मिनिटाला साठ शब्द : वाचनाचा वेग आणि कानाचा इतिहास

तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अचूक आणि अर्थ समजून वाचावेत, असे ‘निपुण भारत’ अभियानाचे लक्ष्य आहे. दुसरीसाठी ते ४५ ते ६० शब्दांचे आहे. ५ जुलै २०२१ रोजी हे अभियान सुरू झाले, आणि आम्हा शिक्षकांच्या हातात पुस्तकासोबत मोबाइलमधले स्टॉपवॉचही आले. मूल मोठ्याने वाचते, आम्ही शब्द मोजतो.

दुसऱ्या टोकाला नांदेड आणि लातूरच्या क्लासेसच्या गल्ल्या आहेत. २०२५ च्या नीट परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. प्रश्न वाचायचा, समजायचा, सोडवायचा आणि गोल काळा करायचा, सगळे मिळून एक मिनिट. साहजिकच तिथे वेगाला फार भाव. मुले मला सांगतात की त्यांना वेगाने वाचायची युक्तीही शिकवली जाते : मनातल्या मनात शब्द उच्चारू नका, फक्त डोळे फिरवा.

म्हणजे सातव्या-आठव्या वर्षी आपण मुलाला आवाज काढून वाचायला लावतो आणि सतराव्या वर्षी तोच आवाज आतूनही बंद कर म्हणतो. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे दोन्ही माध्यमांचे पालक भेटतात आणि दोनच प्रश्न फिरून फिरून विचारतात. ‘टीचर, हा ओठ हलवत वाचतो, ही सवय कशी मोडायची?’ आणि ‘ही पुस्तक हातात घेतच नाही, मोबाइलवर ऐकते. त्याला वाचन म्हणायचं का?’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे द्यायची तर थोडे मागे जावे लागते, कारण ओठ न हलवता वाचणे ही माणसाच्या इतिहासात बरीच उशिरा रुळलेली गोष्ट आहे.

इसवी सन ४०० च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात मिलानचे बिशप अँब्रोज यांचे वर्णन केले आहे. अँब्रोज वाचत तेव्हा त्यांचे डोळे पानावरून फिरत, पण जीभ आणि आवाज शांत असे. ऑगस्टीन यांना हे नोंदवून ठेवण्याइतके वेगळे वाटले. त्या काळात मूक वाचन कुणालाच ठाऊक नव्हते असे नाही, पण पुस्तक म्हणजे आवाज काढून वाचायची वस्तू, हीच सर्वसाधारण समजूत होती. लॅटिन तेव्हा शब्दांमध्ये जागा न सोडता सलग लिहीत. सातव्या-आठव्या शतकात आयर्लंडच्या ख्रिस्ती मठवासींनी शब्द सुटे लिहायला सुरुवात केली. पॉल सेंगर या अभ्यासकाच्या मते, युरोपात मूक वाचन पसरायला शब्दांमधली ही रिकामी जागाच कारणीभूत ठरली.

आपल्याकडे हे समजायला लांब जायची गरज नाही. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी मराठी माणूस रोजचा व्यवहार मोडीत लिहीत होता. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे. शब्द कुठे संपला हे लिपी सांगत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही करत नाही. अशी ओळ नुसत्या डोळ्यांनी फुटत नाही. ओठांवर घोळवली की शब्द कानाला सापडतो.

आपल्या धार्मिक परंपरेत तर वाचनाचा आरंभच आवाजाने होतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर उतरलेल्या पहिल्या वहीतला पहिला शब्द ‘इक्रा’. मराठीत आपण त्याचे भाषांतर ‘वाच’ असे करतो, पण त्या धातूत ‘म्हण, पठण कर’ हा अर्थही आहे, आणि ज्यांना हे सांगितले गेले ते उम्मी होते, समोर पुस्तक नव्हते. कुरआन आधी लोकांच्या स्मरणात आणि जिभेवर राहिला, त्याची एकत्र लिखित प्रत हजरत अबू बक्र (र.) यांच्या काळात तयार झाली. आजही रमजानमध्ये तरावीहला उभे राहणारे हजारो लोक संपूर्ण ग्रंथ ऐकतात, वाचत नाहीत. आणि तिथे ऐकणे म्हणजे दुय्यम, असे कुणी मानत नाही.

वाचनाच्या वेगाचा विचारही तजवीदच्या उस्तादांनी फार पूर्वी करून ठेवला आहे. ते तिलावतीच्या तीन गती सांगतात. तहकीक म्हणजे अगदी सावकाश, शिकणाऱ्यासाठी. तदवीर म्हणजे मध्यम. हदर म्हणजे जलद. पण जलद गतीलाही एक अट आहे : कोणत्याही अक्षराचा हक्क मारला जाता कामा नये, त्याचा मखरज सुटता कामा नये. वेग किती, हे तुम्ही कशासाठी वाचता आणि किती तयार आहात यावर ठरायचे. स्टॉपवॉच नव्हते, पण वेगाचे शास्त्र होते.

बाराव्या-तेराव्या शतकातल्या दमास्कसमध्ये आणखी एक प्रथा होती. हदीसचा एखादा ग्रंथ मोठ्याने वाचला जाई, लोक बसून ऐकत आणि शेवटी हस्तलिखितावरच ‘समाआत’ लिहिली जाई : वाचले कुणी, उस्ताद कोण, तारीख कोणती आणि ऐकायला कोण कोण हजर होते. या याद्यांमध्ये आलिमांबरोबर कारागीर, व्यापारी, स्त्रिया आणि लहान मुले यांचीही नावे सापडतात. अभ्यासक आज त्या नोंदींवरून त्या शहराचा सामाजिक इतिहास लिहितात. ग्रंथ ऐकला याचे प्रमाणपत्र मिळत होते, कारण ऐकणे हे ग्रंथ मिळवण्याचे अधिकृत साधन होते.

मराठीची गोष्टही वेगळी नाही. श्रीचक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी माणसे शोधून, त्यांना विचारून, १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्रा’त गोळा केल्या. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ ऐकणाऱ्यांच्या स्मरणातून उतरला आहे. १२९० च्या ज्ञानेश्वरीत कवी पानोपानी श्रोत्यांशी बोलतो. ज्ञानेश्वर सांगत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहीत गेले, अशी परंपरा आहे. नांदेडमध्ये १७०८ साली गुरू गोबिंदसिंगांनी आपल्यानंतर ग्रंथालाच गुरू मानायला सांगितले, असे शीख बांधव मानतात. त्या ग्रंथाची पाने १४३०. अखंड पाठ साधारण ४८ तासांत पूर्ण होतो, म्हणजे पानाला दोन मिनिटे. पाठी पाळीपाळीने वाचतात, संगत ऐकते. हजूर साहिबच्या शहरात राहणाऱ्या माणसाला ‘ऑडिओबुक’ ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही.

आपल्या मोहल्ल्यांचे काय? कितीतरी घरांत आणि मशिदींत आजही रोज ‘तालीम’ होते. एकजण किताब उघडून पानभर वाचतो, बाकीचे ऐकतात. बायकांच्या बैठकीत ‘दस बीबियों की कहानी’ एकीने वाचायची आणि दहा-पंधराजणींनी ऐकायची, ही रीत मी लहानपणापासून पाहिली. माझी नानी औशाची. तिला अलिफही ओळखता येत नव्हता. पण वाचणारी बाई एखादा शब्द चुकली तर नानी हात वर करून थांबवायची आणि बरोबर शब्द सांगायची. तिने ती किताब कधी वाचली नव्हती, पण तिच्याइतकी ती किताब त्या खोलीत कुणालाच येत नव्हती.

सतराव्या शतकात विजापूरच्या सूफींनी हेच ओळखले होते. त्यांच्या परंपरेतून दखनीत ‘चक्कीनामे’ आणि ‘चरखानामे’ रचले गेले, बायकांनी दळताना आणि सूत काढताना म्हणायची गाणी. रिचर्ड ईटन यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की दख्खनच्या खेड्यांत सूफी विचार अशा गाण्यांतूनही पोचला. आपल्या जात्यावरच्या ओवीचेच हे दखनी भावंड. हेमा रायरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या प्रकल्पाने अशा एक लाखाहून अधिक मराठी ओव्या जमवल्या. त्या गाणाऱ्या बहुतेक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी ऐकण्याचे गोडवे गाते आहे. नाही. या गोष्टीची दुसरी बाजू कडू आहे.

१९०१ च्या जनगणनेत हैदराबाद संस्थानात शंभरात जेमतेम तीन माणसे साक्षर होती, आणि बायकांचे प्रमाण तर हजारी मोजावे इतके कमी. नांदेड तेव्हा या संस्थानाचा जिल्हा. आजचा लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा निघाला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग निजामाच्या काळात बीदर जिल्ह्यात होता. १८८० च्या दशकात संस्थानाच्या कारभारात फारसीच्या जागी उर्दू आली. गावातला हिशेब मोडीत, कचेरीचा कागद उर्दूत आणि शेतकऱ्याच्या तोंडी मराठी, तेलुगू, कन्नड किंवा दखनी. कागदात काय लिहिले आहे हे त्याला कुणीतरी वाचून दाखवायचे. वाचणारा सांगेल ते खरे, आणि खाली अंगठा. यात धर्माचा फरक नव्हता. उर्दू ही सरकारची भाषा होती, पण गरीब मुसलमान शेतमजुरालाही उर्दूचा कागद तितकाच मुका होता.

ऐकणाऱ्याला वाचणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर विसंबावे लागते. मागची ओळ पुन्हा बघता येत नाही, ‘इथे थांबा’ म्हणता येत नाही, आकडा बोटाने दाखवता येत नाही. नानी किताबात चूक काढू शकत होती, कारण ती किताब शेकडो वेळा ऐकलेली होती. सातबाऱ्याचा उतारा किंवा दवाखान्याचा संमतीचा कागद ती एकदाच ऐकणार. तिथे तिच्या कानाचा उपयोग नव्हता. म्हणून वाचायला शिकणे ही हौस नाही, संरक्षण आहे. हे विसरून कुणी ‘आता सगळे ऐकूनच होते, वाचायची गरज काय’ म्हणत असेल, तर त्याने अंगठ्याचा हा इतिहास आठवावा.

आता मनातल्या आवाजाकडे येऊ. तो काय करतो हे माझ्या दोन विषयांतच दिसते. उर्दूत जेर, जबर, पेश सहसा छापत नाहीत. अलिफ आणि सीन एवढीच अक्षरे समोर असतात, ‘इस’ वाचायचे की ‘उस’ हे वाक्य ठरवते. काफ-ये-अलिफ म्हणजे ‘क्या’ही आणि ‘किया’ही. ऐन-अलिफ-लाम-मीम म्हणजे जग हा अर्थ असलेला ‘आलम’ही आणि विद्वान ‘आलिम’ही. गाळलेला स्वर वाचणाऱ्याने आपल्या कानातून भरायचा असतो. ज्या मुलाने तो शब्द कधी ऐकलाच नाही, त्याला अक्षरे येऊनही शब्द येत नाही.

देवनागरी सगळे लिहिते, असे आपण अभिमानाने सांगतो. ते पूर्ण खरे नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च एकच छापतात, पण उच्चार वेगळे. ‘जग’ आणि ‘जगणे’ यांतल्या ज चेही तसेच. उर्दू माध्यमातून आलेले माझे विद्यार्थी बैलाचा ‘चारा’ चार आकड्यासारखाच उच्चारतात, कारण पुस्तकात फरक दिसत नाही आणि घरात तो ऐकू आलेला नसतो. लिपी कोणतीही असो, ती अर्धवट सांगते. उरलेले कान सांगतो.

याच कारणाने ‘मिनिटाला ६० शब्द’ या आकड्याकडेही जरा थांबून पाहावे लागते. उर्दूत ‘घर वालों को भी’ लिहिले की चार शब्द झाले. मराठीत ‘घरातल्यांनासुद्धा’ लिहिले की एकच. तेवढेच बोलायला तेवढाच दम लागतो, पण मोजणीत एका मुलाला चार गुण आणि दुसऱ्याला एक. एनसीईआरटीने मार्च २०२२ मध्ये तिसरीच्या मुलांचे वाचन २० भाषांत तपासले तेव्हा वेगाच्या पातळ्या भाषेगणिक वेगळ्या ठरवल्या, ते योग्यच केले. वर्गात मात्र दोन माध्यमांच्या मुलांची तुलना सर्रास एकाच आकड्याने होते.

मनातला आवाज ही वाईट सवय आहे का? रशियाचे मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले की मूल आधी इतरांशी बोलते, मग खेळताना स्वतःशी मोठ्याने बोलते आणि हळूहळू तेच बोलणे आत जाते. विचार करायला आपण जो आवाज वापरतो तो बाहेरून आत आलेला आहे. स्वीडनचे ऑके एडफेल्ट यांनी १९५९ मध्ये वाचणाऱ्यांच्या बोलण्याच्या स्नायूंवर विद्युत मोजणी केली. मूक वाचनातही ते स्नायू सगळ्यांचेच किंचित हलत होते, आणि मजकूर जितका अवघड तितकी हालचाल जास्त होती. ही सवय मोडायच्या भानगडीत शिक्षकांनी पडू नये, असा त्यांचा निष्कर्ष होता. तुम्ही स्वतः करून पाहा. एखादा अग्रलेख वाचताना तोंडाने सारखे ‘तीन, तीन, तीन’ म्हणत राहा. डोळे ओळींवरून फिरतील, पण लांब वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात निसटलेली असेल. मनातला आवाज वाक्याला धरून ठेवतो, अर्थ लागेपर्यंत.

गंमत म्हणजे त्याच १९५९ मध्ये अमेरिकेत एव्हलिन वुड यांनी वेगवान वाचनाची संस्था काढली. मिनिटाला हजारो शब्दांचे दावे झाले, मोठमोठ्या माणसांनी अभ्यासक्रम केले. आपल्याकडच्या आजच्या जाहिराती त्याच दाव्यांची नातवंडे आहेत. पण मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये अनेक दशकांचे अभ्यास एकत्र केले तेव्हा प्रौढांचा इंग्रजीतला मूक वाचनाचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द निघाला, मोठ्याने वाचण्याचा १८३. हजारांचा पत्ता नाही. कीथ रेनर आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या आढाव्याचा निष्कर्षही सरळ आहे : वेग फार वाढवला की आकलन घटते, आणि चांगला वेग हवा असेल तर भरपूर वाचून भाषा पक्की करणे हाच मार्ग. वरवर चाळणे उपयोगी असते, पण ते चाळणे आहे हे ठाऊक असावे. नीटच्या प्रश्नात ‘नाही’ हा एकच शब्द सुटला तर उत्तर उलटे होते. आणि जे मूल पुटपुटून प्रश्न नीट पकडते, त्याला ते बंद करायला सांगणे म्हणजे लंगडणाऱ्याची काठी काढून घेणे.

राहिला प्रश्न ऐकण्याचा. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आले आणि मराठी पुस्तके कानात वाजू लागली. उर्दू कथा तर यूट्यूबवर ढिगाने आहेत. बेथ रोगोस्की आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रौढांचे गट केले. एका गटाने पुस्तकाचा भाग ऐकला, एकाने वाचला, एकाने दोन्ही एकदम केले. आकलनात लक्षणीय फरक निघाला नाही. मात्र २०१० च्या डॅनियल आणि वुडी यांच्या प्रयोगात अभ्यासाचा लेख पॉडकास्टवर ऐकलेले विद्यार्थी वाचलेल्यांच्या मागे पडले. मला या दोन निष्कर्षांत विरोध दिसत नाही. गोष्ट पुढे वाहत जाते, कान तिच्याबरोबर जातो. अभ्यासाच्या मजकुरात थांबावे लागते, मागे यावे लागते, आणि ते काम डोळा सहज करतो.

गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. वाचून समजणे म्हणजे अक्षरे उलगडता येणे गुणिले भाषा ऐकून समजणे. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे, म्हणून एक बाजू शून्य तर उत्तर शून्य. मला हे सूत्र आपल्या घरांतच दिसते. नाजिरा पूर्ण केलेले मूल अरबी अक्षरे सुरेख उलगडते, त्याचे सवाब त्याला आहेच, पण अर्थ कळत नाही, कारण ती भाषा त्याने समजून ऐकलेली नाही. नानीला भाषा पूर्ण कळत होती, पण अक्षर उलगडत नव्हते. एकाला शब्द आहेत, एकीला अर्थ होता, आणि दोघेही वाचू शकत नाहीत.

म्हणून पालकांना मी आता असे सांगते. ओठ हलतात ते हलू द्या, मजकूर ओळखीचा झाला की आपोआप थांबतील. जो शब्द मुलाच्या कानावरून गेला आहे तोच डोळ्याला वेगाने ओळखता येतो, म्हणून घरात बोला, गोष्टी सांगा, उर्दू बोलणाऱ्या घरात मराठी आणि मराठी शेजाऱ्यांच्या मुलांना उर्दू ऐकू येऊ द्या. मुलगी ऑडिओबुक ऐकत असेल तर आनंद माना आणि त्याच पुस्तकाची छापील प्रत तिच्यासमोर उघडी ठेवा. पहिले प्रकरण ऐकत ऐकत ओळींवर बोट फिरवू द्या, दुसरे तिने तुम्हाला वाचून दाखवावे.

आणि ज्या घरात रात्री तालीम होते तिथे एक छोटा बदल करून पाहा. आठवड्यातून दोन दिवस किताब घरातल्या सगळ्यांत लहान वाचणाऱ्याच्या हातात द्या, अर्धेच पान. तो अडखळेल, वेळ लागेल. घड्याळ बाजूला ठेवा. शब्द चुकला तर ज्यांना तो ऐकून माहीत आहे त्या दादी-नानीने हात वर करून सांगावा, आणि पान संपले की त्याच मुलाने दादीला त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून अक्षरे दाखवावीत.